बॅटरी बदलण्याचं केंद्र गावच्या डीपीवरचा भार हलका करेल का? बारामती-इंदापूरच्या निमित्ताने

डिसेंबर २०१९ मध्ये पियाजिओने ‘आपे ई-सिटी’ ही इलेक्ट्रिक रिक्षा बाजारात आणली. बॅटरी संपली की केंद्रावर जायचं, रिकामी बॅटरी काढून द्यायची, भरलेली बसवायची आणि पुढच्या भाड्याला निघायचं, अशी तिची रचना होती. बॅटरी बदलण्याचं म्हणजे ‘स्वॅपिंग’चं हे तंत्र सन मोबिलिटी या कंपनीचं. पियाजिओचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत आहे आणि देशभर धावणाऱ्या आपे रिक्षा दोन दशकांहून अधिक काळ तिथेच तयार होतात. २०२१ च्या फेब्रुवारीत कंपनीने ‘एफएक्स’ नावाने दुसरी मालिका आणली. तिची बॅटरी गाडीतच पक्की बसवलेली असते आणि घरी किंवा चार्जिंग पॉइंटवर भरायची असते.

बदलायची बॅटरी की बसवलेली बॅटरी, ही चर्चा बहुतेक वेळा रिक्षावाल्याच्या सोयीपुरती होते. वेळ किती वाचतो, गाडी किती स्वस्त पडते, केंद्र किती लांब आहे, वगैरे. पण या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती गाडीपेक्षा गावातल्या डीपीशी जास्त संबंधित आहे. स्वॅपिंग केंद्र म्हणजे विजेच्या तारेला जोडलेल्या वीस-पंचवीस बॅटऱ्यांचं कपाट. हे कपाट योग्य वेळी भरलं आणि योग्य वेळी थांबवलं, तर नवी तार न ओढता, डीपी न बदलता तेवढ्याच यंत्रणेतून जास्त लोकांना वीज देता येईल का?

वीज आहे, वाट अरुंद आहे

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत वीज तयारच होत नाही, असं नाही. बारामतीच्या जिरायत पट्ट्यातल्या शिर्सुफळ इथे महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. साखर कारखान्यांचा तर हा पट्टाच: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा. उसाच्या चिपाडापासून वीज तयार करून ती जाळ्यात सोडणं हा साखर कारखानदारीचा आता जोडधंदा झाला आहे.

तरीही संध्याकाळी वाडीवरचा बल्ब मिणमिणतो, पंखा रेंगाळतो आणि पिठाची गिरणी सुरू झाली की टीव्ही बंद पडतो. याचं कारण बहुतेक वेळा विजेचा तुटवडा हे नसतं. कारखान्याची किंवा सौर प्रकल्पाची वीज उच्चदाबाच्या जाळ्यात जाते. तिथून ती ३३ केव्हीच्या उपकेंद्रात येते, मग ११ केव्हीच्या फीडरवर, मग गावातल्या रोहित्रात म्हणजे डीपीत आणि शेवटी लघुदाबाच्या तारांवरून घरात. या साखळीतली सगळ्यात अरुंद जागा जितकी, तितकीच वीज पुढे जाते. आणि ती जागा बहुधा शेवटची असते, म्हणजे १०० केव्हीएची डीपी आणि तिच्यापासून लांबवर गेलेल्या तारा.

तारेतून दुप्पट प्रवाह गेला की तिच्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज दुप्पट नाही, चौपट होते. त्यामुळे दिवसभराचा वापर बेताचा असला, तरी संध्याकाळचे दोन तास जड गेले की नुकसान त्या दोन तासांतच होतं. व्होल्टेज पडतं, तेल तापतं आणि वर्षानुवर्षं असंच चाललं की एक दिवस डीपी जळते. मग नवीन डीपी येईपर्यंत अख्खी वाडी अंधारात.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे १०० ची डीपी काढून २०० ची बसवणं किंवा दुसरी डीपी उभी करणं. पण ही वाढीव क्षमता दिवसाचे बावीस तास रिकामी पडून राहते आणि तिचा खर्च शेवटी वीजदरातच येतो. म्हणून त्या दोन तासांपुरताच काही इलाज आहे का, हा प्रश्न जगभरच्या वितरण कंपन्यांना पडलेला आहे. एक उत्तर म्हणजे वितरणाच्या जाळ्यातच बॅटरी बसवणं. दिल्लीत रोहिणी इथे टाटा पॉवरच्या वितरण कंपनीच्या भागात २०१९ मध्ये १० मेगावॅटची अशी बॅटरी सुरू झाली. पण ती बॅटरी फक्त जाळ्यासाठीच विकत घ्यावी लागते. स्वॅपिंग केंद्रातली बॅटरी मात्र रिक्षासाठी आधीच विकत घेतलेली असते. या कल्पनेचं आकर्षण तिथे आहे.

गाडीचा वेळ वेगळा, चार्जिंगचा वेळ वेगळा

बॅटरी गाडीत पक्की असलेली रिक्षा दिवसभर रस्त्यावर असते. दुपारी सूर्य माथ्यावर असतो, सौर वीज मुबलक असते, पण तेव्हा ती रिक्षा बारामतीच्या स्टँडवर प्रवासी भरत असते. ती घरी येते संध्याकाळी सातला आणि आल्या आल्या प्लगला लागते. नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे लागतात, मिक्सर फिरतो आणि संध्याकाळचं दूध आलेलं असल्याने संकलन केंद्राचा बल्क कूलर सुरू असतो. म्हणजे डीपीला सगळ्यात जड जाणाऱ्या वेळेतच आणखी भर.

स्वॅपिंगमध्ये बॅटरी आणि गाडी यांची ही गाठ सुटते. रिक्षा रस्त्यावर असताना तिची दुसरी बॅटरी केंद्रात भरत असते. दुपारी आलेली रिकामी बॅटरी दुपारीच, उन्हाच्या विजेवर भरता येते. संध्याकाळी आलेली बॅटरी रात्री अकरानंतर भरली तरी चालते, कारण रिक्षावाला भरलेली बॅटरी घेऊन कधीच घरी गेलेला असतो. तो वाट पाहत उभा नसतो, म्हणून चार्जिंग थांबवायला केंद्राला मोकळीक मिळते. जाळ्याच्या दृष्टीने स्वॅपिंगचा खरा फायदा ही मोकळीक आहे. दोन मिनिटांत बॅटरी बदलते याचं वितरण कंपनीला काही देणंघेणं नाही.

राज्याच्या वीजदरातही आता या वेळेला किंमत आली आहे. जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दररचनेत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सौर तास सवलतीचे आहेत, तर संध्याकाळी ५ ते मध्यरात्र हे कमाल मागणीचे तास धरले आहेत. इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना आणखी स्पष्ट आहेत: सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दर, इतर वेळी १.३ पट.

एका डीपीचा हिशोब

समजा, बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका गावात १०० केव्हीएची डीपी आहे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत तिच्यावर १०५ चा भार येतो. (हिशोब सोपा राहावा म्हणून इथे केव्हीए आणि किलोवॅट एकच धरले आहेत.) गावात बारा इलेक्ट्रिक रिक्षा आल्या आणि त्या रोज संध्याकाळी घरी चार्जिंगला लागल्या, तर प्रत्येकी दीड किलोवॅटप्रमाणे १८ किलोवॅटची भर पडेल. भार १२३ वर जाईल. ही डीपी उन्हाळा काढणार नाही.

आता याच बारा रिक्षा स्वॅपिंगवर चालतात असं धरू. गावात २४ बॅटऱ्यांचं केंद्र आहे आणि प्रत्येक बॅटरी दीड युनिटची आहे. हा आकार कल्पनेतला नाही. दुचाकी-तीनचाकीसाठी होंडाची बदलायची बॅटरी सुमारे १.३ युनिटची आणि दहा किलोची आहे, तैवानच्या गोगोरो कंपनीची सुमारे १.७ युनिटची. एका हाताने उचलता आली पाहिजे, ही अट असल्याने त्या फार मोठ्या करता येत नाहीत. चोवीस बॅटऱ्यांत मिळून ३६ युनिट वीज मावते.

केंद्राने सात ते नऊ चार्जिंग नुसतं बंद ठेवलं, तर भार १०५ वरच राहतो. रिक्षा आल्या, पण डीपीला त्यांचा पत्ताही लागला नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे केंद्रातल्या निम्म्या भरलेल्या बॅटऱ्या रिक्षांसाठी राखून उरलेल्या निम्म्यांतली वीज उलट गावाला देणं. १८ युनिटमधून १० किलोवॅट पावणेदोन तासांहून थोडा जास्त वेळ मिळू शकतात. भार ९५ वर येतो आणि जुनीच डीपी मर्यादेत राहते. १२३ आणि ९५ यांतला २८ किलोवॅटचा फरक शंभराच्या डीपीवर लहान नाही.

हाच फरक उपकेंद्रात जाऊन पाहिला तर मात्र दिसतही नाही. ५ एमव्हीएच्या रोहित्रावर १० किलोवॅट म्हणजे ०.२ टक्के. तेव्हा ‘स्वॅपिंग केंद्रांमुळे तालुक्याचा वीजप्रश्न सुटेल’ असं कुणी म्हणत असेल, तर ते सोडून द्यावं. एका केंद्राचा उपयोग एका डीपीपुरता आहे. तालुक्याला फरक पडायचा तर अशी शेकडो केंद्रं एका सूत्राने चालायला हवीत.

तैवानच्या भूकंपात काय झालं

असं एका सूत्राने चालणं शक्य आहे, हे तैवानमध्ये दिसलं. ३ एप्रिल २०२४ रोजी हुआलिएनजवळ मोठा भूकंप झाला आणि वीजनिर्मिती संच एकापाठोपाठ एक जाळ्यातून बाहेर पडले. तेव्हा गोगोरोच्या ५९० ठिकाणच्या स्वॅपिंग केंद्रांनी वीज घेणं थांबवलं आणि जाळ्यावरची सुमारे ६ मेगावॅट मागणी कमी झाली. भागाकार केला तर ठिकाणी साधारण १० किलोवॅट येतात, म्हणजे वरच्या कल्पित गावाइतकेच. आणि या केंद्रांनी उलटी वीज दिली नाही, फक्त स्वतःची भूक थांबवली.

गोगोरोचं नाव महाराष्ट्राला नवं नाही. जानेवारी २०२३ मध्ये दावोसला गोगोरो, बेलराइज इंडस्ट्रीज आणि राज्य सरकार यांच्यात आठ वर्षांत अडीच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली होती. बॅटरी बदलण्याची केंद्रं ही फक्त गाड्यांची सोय नसून राज्यभर पसरलेली वीज साठवण असेल, अशी मांडणी त्या वेळी करण्यात आली. दावोसच्या घोषणा आणि प्रत्यक्ष उभी राहणारी यंत्रणा यांतलं अंतर मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण स्वॅपिंगकडे वीज साठवण म्हणून पाहण्याचा विचार राज्याच्या कागदावर आलेला आहे, एवढी नोंद घ्यायला हवी.

शेतीपंपांना याचा उपयोग होईल?

बारामती-इंदापूरमध्ये विजेचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येणार. नीरा डाव्या कालव्याखालचा ऊस असो की उजनीच्या फुगवट्यावरून लांब पाइपलाइन टाकून उचललेलं पाणी, सगळं मोटारीवर उभं आहे.

उत्तर सरळ आहे: होणार नाही. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेचार किलोवॅट वीज घेते. आपल्या केंद्रातली मोकळी १८ युनिट एकाच शेतकऱ्याची एकच मोटार चार तास चालवून संपतील. एका डीपीवर अशा वीस-वीस मोटारी असतात.

दुसरं कारण रचनेतलं आहे. महाराष्ट्रात गावठाणाचे आणि शेतीचे फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे केलेले आहेत. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज ठरावीक तास, पाळीपाळीने मिळते, तर गावठाणाला चोवीस तास. रस्त्याकडेचं स्वॅपिंग केंद्र अर्थातच गावठाणाच्या फीडरवर असेल. त्याने तिथे कितीही भार वाचवला, तरी शेतीच्या फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज वाढणार नाही, कारण दोन्ही फीडर एकत्र येतात ते थेट उपकेंद्रात.

शेतीसाठीचे उपाय वेगळे आहेत आणि ते सुरूही आहेत. उच्चदाब वितरण प्रणालीत एका किंवा दोन पंपांना स्वतंत्र छोटं रोहित्र मिळतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (पहिली २०१७ ची, दुसरा टप्पा २०२३ चा) उपकेंद्राजवळच ०.५ ते २५ मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची आहे. रात्री-अपरात्री बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिलासा तिथून मिळेल.

पण या सौर योजनेचा आणि स्वॅपिंगचा एक धागा जुळतो. पाऊस चांगला लागला की मोटारी बंद होतात, सौर प्रकल्प मात्र ऊन पडेल तेव्हा वीज तयार करतच राहतो. ती शेतीच्या फीडरवर खपली नाही तर उपकेंद्रातून उलटी वर चढते. अशा दिवसांत त्याच उपकेंद्रावरच्या गावठाण फीडरला जोडलेली स्वॅपिंग केंद्रं दुपारी बॅटऱ्या भरून त्यातला काही वाटा जागच्या जागी वापरू शकतात. गावची वीज गावच्याच रिक्षात.

उलटी वीज द्यायला अडचण काय?

पहिली अडचण बॅटरीच्या झिजेची. बॅटरी ठरावीक वेळाच भरता-रिकामी करता येते. एका युनिट क्षमतेची बॅटरी १५ हजार रुपयांची धरली आणि ती दोन हजार वेळा चालली, तर दर वेळेची झीज साडेसात रुपयांना पडते. शिवाय १०० युनिट भरले की परत येताना ८५-९० च हाती लागतात. म्हणजे स्वस्त दुपारची वीज भरून महाग संध्याकाळी विकायची, तर दोन्ही वेळच्या दरांत युनिटमागे साडेसात रुपयांहून जास्त फरक हवा. तेवढा फरक आज मिळत नाही. रिक्षावाल्याकडून बॅटरीचं भाडं मिळत असताना तीच बॅटरी गावाच्या दिव्यांसाठी झिजवायला केंद्रचालक तयार होणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. चार्जिंग थांबवायला मात्र काहीच झीज लागत नाही. तैवानमध्ये तेच का केलं गेलं, याचं एक उत्तर इथे आहे.

दुसरी अडचण जिवाची आहे. लाइनवर काम करायचं असलं की महावितरणचा जनमित्र परमिट घेऊन पुरवठा बंद करतो आणि तार मृत आहे, असं धरून खांबावर चढतो. त्याच वेळी खालच्या केंद्रातून बॅटऱ्यांची वीज तारेत येत राहिली, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून जाळ्याला वीज देणाऱ्या कोणत्याही इन्व्हर्टरने जाळ्यातला पुरवठा गेल्याबरोबर स्वतःहून बंद झालं पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची विकेंद्रित निर्मितीसाठीची तांत्रिक मानकं २०१३ पासून आहेत आणि त्यात ही अट आहे. छतावरच्या सौर पॅनलला ती लागू होते, तशीच इथेही. घरगुती इन्व्हर्टर चुकीचे जोडल्याने उलटा प्रवाह येणं ही लाइनवरच्या कामगारांची जुनीच डोकेदुखी आहे. त्यात गावोगाव बॅटऱ्यांची कपाटं येणार असतील, तर तपासणीही तितकीच कडक लागेल.

धोरण शहराकडे बघतं

नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी स्वॅपिंग धोरणाचा मसुदा मांडला. त्यात पहिल्या टप्प्यात ४० लाखांहून मोठी महानगरं आणि दुसऱ्या टप्प्यात राज्यांच्या राजधान्या व पाच लाखांहून मोठी शहरं होती. २०११ च्या जनगणनेत बारामती शहराची लोकसंख्या ५० हजारांच्या थोडी वर होती, इंदापूरची तिच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे जिथे स्वॅपिंगच्या रिक्षा तयार करण्याची सोय आहे, ते शहर मसुद्यातल्या कोणत्याच टप्प्यात बसत नाही.

गाड्यांच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबरच आहे, कारण केंद्र चालायला दाट वाहतूक लागते आणि प्रत्येक गाडीमागे एकाहून जास्त बॅटऱ्या विकत घेऊन ठेवाव्या लागतात. तारांच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलट होतं. महानगरात डीपी जवळजवळ आणि तारा आखूड असतात. भार हलका करण्याची गरज लांब तारांच्या गावांत जास्त आहे, आणि तिथे रिक्षा कमी आहेत. हा पेच दर ठरवून सुटणारा नाही.

थोडी वाट जानेवारी २०२५ च्या केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सूचनांनी मोकळी केली आहे. बॅटरी स्वॅपिंग आणि बॅटरी चार्जिंग केंद्रांसाठीच्या या स्वतंत्र सूचनांनुसार हातातल्या वीजजोडणीवरही अशा बॅटऱ्या भरता येतात. म्हणजे पेट्रोल पंप, दूध संघाचं आवार, किराणा दुकान अशा ठिकाणीही छोटं कपाट बसू शकतं. राज्य वीज नियामक आयोगानेही मागणी मागेपुढे सरकवण्याच्या कार्यक्रमांसाठी २०२४ मध्ये नियम आणले आहेत. त्यांच्या आधारे महावितरण ‘सात ते नऊ चार्जिंग बंद ठेवा, त्याचे इतके पैसे देऊ’ असा करार केंद्रचालकाशी करू शकते. डीपी बदलण्याचा खर्च जितकी वर्षं पुढे ढकलला जाईल, त्यातला काही हिस्सा केंद्राला देणं महावितरणलाही परवडू शकतं.

त्यासाठी आधी कोणती डीपी किती वाजता किती तापते, हे कळायला हवं. रोहित्रांवर आणि फीडरवर मीटर बसवण्याचं काम केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत आहे. ती आकडेवारी हाताशी आली, तर केंद्र कुठे काढायचं हे फक्त रिक्षा स्टँड पाहून ठरवावं लागणार नाही. पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्ग आणि पुणे-सोलापूर महामार्ग यांच्या कडेच्या गावांत वाहतूकही आहे आणि भार वाढत चाललेली हॉटेलं, गिरण्या, कूलरही आहेत. एकाच फीडरवरच्या दोन जागांपैकी केंद्र जड डीपीवर निघालं आणि संध्याकाळी बंद राहायला कबूल झालं, तर ते उपयोगाचं. तेच केंद्र कसल्याही अटीविना सातला चार्जिंग सुरू करणार असेल, तर त्याच डीपीवर जोडणी देण्याआधी महावितरणला रोहित्र बदलावं लागेल.